सांडपाण्यावरचा वसंत

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मुरूम म्हटलं की बाहेरच्या माणसाला रस्त्यावर पसरायचा मुरूम आठवतो. पण मुरूम हे गावही आहे. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातलं, कर्नाटकाच्या शिवेजवळचं. नळदुर्ग इथून जवळ, कर्नाटकातलं आळंद जवळ, आणि चालुक्यांची जुनी राजधानी कल्याण, म्हणजे आजचं बसवकल्याण, पन्नास-साठ किलोमीटरवर. या पट्ट्यात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा एकाच ओट्यावर बसतात. घरामागच्या जागेला कुणी परस म्हणतं, कुणी परडं, आणि कानडी बोलणारं घर असेल तर हित्तल.

आज बोलायचं आहे ते याच परसातल्या भाजीबद्दल. त्यातही वसंतातल्या लावणीबद्दल. विषय घरगुती वाटेल, पण त्यात एक कोडं दडलेलं आहे. या भागात पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर, तोही जून ते ऑक्टोबरमध्ये. वर काळी माती, तिच्याखाली झिजलेल्या काळ्या दगडाचा मुरूम. पावसाचं पाणी त्या मुरमात मुरतं आणि पूर्वी घरोघरचे आड त्यावरच चालत. माघ सरला की आडाचं पाणी खाली जायला लागतं, दोर लांबवावा लागतो. आणि नेमक्या याच वेळी, पाणी पाठ फिरवत असताना, घरातल्या बाया भेंडी, गवार, दोडका, कारलं, काकडी लावायला घेतात. शहाणा माणूस पाणी असताना पीक घेतो. मग हा उलटा उद्योग कशाच्या जोरावर चालला?

उत्तर सोपं आहे. ही बाग आडाच्या पाण्यावर नव्हतीच. ती होती एकदा वापरून झालेल्या पाण्यावर. न्हाणीचं पाणी, भांडी विसळल्याचं पाणी, डाळ-तांदूळ धुतल्याचं पाणी. आडातून शेंदलेली घागर आधी माणसाच्या अंगावर जायची आणि मग आळूच्या पानावर. न्हाणीच्या तोंडाशी आळू, केळ, कर्दळ, पुढे वाफ्यात वांगी-मिरची, कुंपणाला दोडक्याचा वेल, कोपऱ्यात शेवगा. परसाची ही मांडणी मराठवाड्यात फार ठिकाणी सारखी दिसते, कारण ती पाण्याच्या उतारानं ठरवलेली असते.

पण या बागेचा इतिहास शोधायला गेलं तर कागद हाताला लागत नाही. याचं कारण सरकारी आहे. गावाची जमीन दोन प्रकारची. काळी म्हणजे शेताची आणि पांढरी म्हणजे वस्तीची. शेतसारा काळीवर. विहिरीवरची बागायत असेल तर तिची आकारणी वेगळी. पांढरीतल्या घरामागच्या चार वाफ्यांवर सारा नाही, म्हणून त्यांची मोजणी नाही, आणि मोजणी नाही म्हणून नोंदही नाही. निजामाच्या राज्यातल्या या जिल्ह्याबद्दल इंग्रजी आमदानीत गॅझेटियर लिहिलं गेलं. त्यात ज्वारी, कापूस, कडधान्यं यांचे आकडे आहेत. रोज संध्याकाळी चुलीवर चढणारी भाजी कुठून आली, हे विचारायचं त्या साहेबांना कारण पडलं नाही. अरणच्या सावता महाराजांचा मळा आपल्याला ठाऊक आहे, पण तो मळा. माळ्याचा, विहिरीचा, मोटेचा. परस ही बाईच्या हातची जागा, आणि तिच्यावर बखर कोण लिहिणार? शिवाय परस या शब्दाची आपण आणखी एक गंमत करून ठेवली आहे. ‘परसाकडे जाणं’ याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. अशा जागेचा इतिहास लिहायला विद्वान पटकन पुढे येत नाहीत.

तरी पन्नास-साठ किलोमीटरवरच्या कल्याणात काही धागे सापडतात. इ. स. १०२५ मध्ये, चालुक्य राजा दुसरा जयसिंह याच्या काळात, चावुंडराय नावाच्या पंडितानं कानडीत ‘लोकोपकार’ हा ग्रंथ लिहिला. नावाप्रमाणेच लोकांच्या उपयोगाचा. त्यात ज्योतिष आहे, वास्तू आहे, स्वयंपाक आहे, गुरांची औषधं आहेत, जमिनीत पाणी कुठे लागेल हे ओळखण्याच्या खुणा आहेत आणि झाडांच्या निगेचं शास्त्रही आहे. पाणी, झाड आणि स्वयंपाक एका पुस्तकात एकत्र येतात, म्हणजे लेखकाच्या डोळ्यांपुढे घरसंसार असला पाहिजे. पुढे शंभर वर्षांनी याच घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं संस्कृतात ‘मानसोल्लास’ हा मोठा कोश रचला. त्यात राजाच्या पाकघरातल्या पदार्थांची वर्णनं आहेत, भाज्या आहेत, बागांची चर्चा आहे. जुन्या मराठी गीतांचे काही नमुनेही त्यात मिळतात, म्हणून आपल्या भाषेच्या अभ्यासकांना तो जवळचा.

या ग्रंथांत नसलेली गोष्टही सांगितली पाहिजे. त्यात मिरची नाही. ती असणंच शक्य नव्हतं. मिरची, टोमॅटो, लाल भोपळा, बटाटा, पेरू ही सगळी अमेरिका खंडातली मंडळी. पोर्तुगीज आल्यानंतर, सोळाव्या शतकापासून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि हळूहळू घाट चढून देशावर आली. त्याआधी तिखटासाठी मिरे होते. त्या मिऱ्यावरूनच आपण पाहुणीला मिरची म्हटलं. म्हणजे आज परसात जी भाजी अगदी आपली वाटते, तिच्यातली निम्मी परदेशी आहे. वांगं आणि काकडी मात्र अस्सल इथली. दोडका, कारलंही जुने. नवं आलेलं बी परसातच आधी रुजतं, कारण तिथे पडलं तरी चार रोपांचंच नुकसान होतं. शेतात असा प्रयोग कोणी करत नाही. बाजारात यायच्या आधी मिरचीनं कितीतरी परसांत उमेदवारी केली असणार.

आता लावणीकडे येतो. या भागाचं वेळापत्रक पंचांगाच्या सणांवर बसवता येतं. मार्गशीर्षात वेळा अमावस्या, म्हणजे आपली येळवस. त्या दिवशी शेतात भज्जी आणि आंबील घेऊन सगळं गाव जातं. भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, पावट्याचे ओले दाणे आणि मिळतील त्या भाज्या. मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी. इथपर्यंत हिवाळी भाजीची चैन असते. नंतर ओढ सुरू होते. मेथी-शेपू फुलावर येतात, पानं राठ होतात.

संक्रांत झाल्यावर जमीन उबदार होऊ लागते. भेंडी आणि गवार यांचं बी थंड जमिनीत नीट उगवत नाही, कुजून जातं. म्हणून घाई करायची नाही. पण उशीरही चालत नाही, आणि यातलं कारण ध्यानात घेण्यासारखं आहे. भोपळा, काकडी, कारलं या वेलांना नर फुलं आणि मादी फुलं वेगळी येतात. दिवस मोठा आणि ऊन कडक झालं की वेल नर फुलं जास्त काढतो. मांडव पिवळ्या फुलांनी भरतो, बघणारा खूश होतो आणि फळ एक लागत नाही. त्यामुळे वेलाचं बी संक्रांत ते शिवरात्र या दरम्यान आळ्यात पडलंच पाहिजे. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणतात. होळीला बी टोकणाऱ्याचा हंगामही थंडीबरोबर पळतो.

कारल्याचं, दोडक्याचं बी कडक कवचाचं, ते रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं. आळं हातभर रुंद, वीतभर खोल, त्यात कुजलेलं शेणखत. एका आळ्यात तीन-चार बिया, पुढे जोमदार दोन रोपं ठेवून बाकीची उपटायची. रोपं उपटायला जीव होत नाही, पण दाटी झाली की सगळीच उपाशी राहतात. याच सुमाराला शेतातून तुराट्या घरी आलेल्या असतात. मांडवाला, कुंपणाला त्यांच्यासारखी फुकटची वस्तू नाही. ज्वारीची काढणी झालेली असते, तिचा टाकाऊ कडबा आळ्यात पसरला की ओल टिकते. उसाच्या पट्ट्यात पाचट वापरतात. चैत्र-वैशाखात इथलं तापमान चाळिशीच्या वर जातं. उघडी काळी माती तडकते आणि भेगांतून ओल उडते, मुळंही तुटतात. आच्छादन नसेल तर दुप्पट पाणीसुद्धा पुरत नाही.

रोप दोन पानांवर आलं की तांबडे भुंगेरे येतात आणि पानांची चाळण करतात. पहाटे दवात पानं ओली असताना चुलीची राख धुरळायची, ती चिकटून बसते. गॅस आल्यापासून राखेची पंचाईत झाली, हे खरं. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, दुधीची रात्रीकडे, लाल भोपळ्याची पहाटे. त्या त्या वेळी कीटक फिरत नसतील तर नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच टेकवायचं. पाणी संध्याकाळी द्यायचं, थोडं पण ठरलेलं.

हे सगळं काम कोणी केलं? आणि त्याला मोहीम कोणी म्हटलं? दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड-अमेरिकेत घराघरांत भाजी लावण्याची मोठी हाक दिली गेली. अमेरिकेत ऐन युद्धात अशा सुमारे दोन कोटी बागा झाल्या, असं सांगतात. युद्ध संपलं, डबाबंद माल आला, आणि बहुतेक बागांची पुन्हा हिरवळ झाली. आपल्याकडे सरकारनं ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू केली. स्वातंत्र्यानंतरही ती चालली. १९५२ मध्ये कृष्णम्माचारी समितीनं तिचा आढावा घेतला आणि खेड्यातल्या माणसापर्यंत ती पोचलीच नाही, अशा अर्थाचा निष्कर्ष काढला. त्यातूनच त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला सामूहिक विकास योजना निघाली. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी स्वतःच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरवला. त्यांची तळमळ सच्ची होती, पण मुरूमसारख्या गावात नांगरायला हिरवळ होतीच कुठे? इथे परस आधीपासून होतं. त्याला हवं होतं पाणी.

१९७२ च्या दुष्काळात ते स्पष्ट झालं. आड आटले, गुरं विकली गेली, माणसं खडी फोडायला गेली. मिलो ज्वारी आणि सुकडी हे शब्द त्या पिढीच्या तोंडून अजून निघतात. न्हाणीलाच पाणी नाही, तर न्हाणीच्या पाण्यावरचा आळू कुठून राहणार? सांडपाण्यावरची बाग चिवट असते, पण घरातलं पहिलं पाणी संपलं की तीही संपते. माळावरचा तरवटा खाऊन लोकांनी दिवस काढले.

दुष्काळानंतर गावोगावी बोअर पडले आणि हापसे आले. या हापशाचा आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. देशभर आणि पुढे जगभर गेलेला ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झाला. त्याची मूळ कल्पना सोलापूरला विकसित झालेल्या पंपावरून घेतली होती. हापशाभोवती सिमेंटचा ओटा, ओट्याला नाली, आणि नालीच्या टोकाला कुणीतरी लावलेला भोपळा. सरकारी आराखड्यात हा भोपळा नव्हता.

याच काळात परसात दुसरा बदल झाला, तो बियाण्याचा. त्यासाठी एका भाजीची, भेंडीची, गोष्ट सांगतो. उन्हाळ्यात भेंडीची पानं पिवळ्या जाळीसारखी होतात. शिरा पिवळ्या पडतात, फळं पांढुरकी, निबर. हा विषाणूचा रोग. पांढरी माशी तो पसरवते, आणि ती उन्हाळ्यात माजते. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं यावर ‘पुसा सावनी’ हे वाण काढलं. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी सुरुवातीला ज्या बियाण्याचं उत्पादन घेतलं, त्यात ही पुसा सावनी होती. १९६४ मध्ये त्यांनी ‘महिको’ ही कंपनी काढली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मराठवाड्यातला बियाण्यांचा एवढा मोठा व्यवसाय भेंडीच्या बियांपासून वाढला, हे आपल्याच लोकांना फारसं माहीत नसतं.

पुढे पुसा सावनीची रोगाला तोंड देण्याची ताकद कमी झाली. तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी पुसा सावनीचा भेंडीच्या एका रानटी भाईबंदाशी संकर केला, अनेक पिढ्या निवड केली, आणि १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ हे वाण दिलं. विद्यापीठ १९७२ च्या दुष्काळी वर्षात स्थापन झालेलं, आता ते वसंतराव नाईक यांच्या नावानं ओळखलं जातं. परभणी क्रांतीचा मोठा गुण म्हणजे ते सरळ वाण आहे. त्याचं बी घरी धरता येतं, पुढल्या वर्षी तसंच उगवतं, शेजारणीला ओंजळभर देता येतं. ‘जाऊबाई, भेंडीचं बी आहे का? दोडक्याचं देते बदल्यात,’ असा व्यवहार त्यावर चालू शकतो. संकरित बियाण्यावर तो चालत नाही. संकरित वाणाचं घरी धरलेलं बी दुसऱ्या वर्षी विस्कळीत निघतं, दर वर्षी पुडी विकत घ्यावी लागते. संकरित वाण वाईट असं मी म्हणत नाही. बाजारासाठी एकसारखा माल काढायचा असेल तर शेतकऱ्याला ते परवडतं. पण चार वाफ्यांच्या बाईला एकसारखा माल नको असतो. तिला महिनाभर रोज थोडी भाजी हवी असते. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला बी राखण्याचा, देण्याघेण्याचा आणि नाममुद्रा न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. हक्क आहे, पण राखायला बी पाहिजे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती असं गावरान बी घराच्या आसपास राखल्याबद्दल.

बी गेलं तर परत आणता येतं. परसाची जागाच गेली तर? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यातच होतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं माणसांवर कोसळली, हजारो माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, मोकळे प्लॉट, ओळीत घरं. जुन्या वाड्यात मागे बंदिस्त परस होतं, पुढच्या दारी कोण आलं याची फिकीर न करता बाई तिथे वावरत असे. नव्या घराला चारी बाजूंनी उघडी जागा मिळाली, पण आडोसा नाही आणि न्हाणीचं पाणी कुठे न्यायचं ते ठरलेलं नाही. लोकांनी हळूहळू कुंपणं घातली, भिंती बांधल्या, झाडं लावली. जागा मिळाली म्हणजे परस मिळालं असं होत नाही.

मात्र या पुनर्वसनातून बायकांचं एक संघटन उभं राहिलं. घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या महिलांना सरकार आणि लोक यांच्यातला दुवा म्हणून नेमलं गेलं. त्यात प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था होती. पुढे २०१२ नंतरच्या दुष्काळांत याच संस्थेनं एक एकर शेतीचा मार्ग धरला. कुटुंबाच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या हाती द्यायचा, त्यात ती भाजी, कडधान्यं, भरडधान्यं असं घरात खाल्लं जाणारं पीक कमी पाण्यात घेईल. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. मला यात परसबागच दिसते. फक्त ती पांढरीतून काळीत गेली. आणि बाईनं काय पेरायचं हा निर्णय पहिल्यांदाच शेताच्या बांधापर्यंत पोचला.

सरकारनंही परसाकडे पुन्हा पाहिलं आहे. २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात सांडपाण्यावरच्या परसबागेला मान मिळाला. २०१९ मध्ये केंद्रानं शाळांतल्या पोषण परसबागांसाठी सूचना काढल्या. ‘उमेद’नं बचत गटांमार्फत पोषण परसबागेची मोहीम चालवली. चांगलंच आहे. पण गावात नालीचं सिमेंटकाम होतं तेव्हा न्हाणीचं पाणी थेट नालीत आणि नालीतून ओढ्यात जातं. एका योजनेनं वाफा करायचा आणि दुसरीनं त्याचं पाणी पळवायचं, असं होतं. त्यात साबणाची भर. पूर्वी भांडी राखेनं घासत, अंगाला डाळीचं पीठ लावत. आता कपड्यांच्या पावडरीचं पाणी काळ्या मातीत गेलं की त्यातल्या सोडियमनं माती आवळते, पाणी मुरेनासं होतं. म्हणून कपड्यांचं पाणी वेगळं काढावं, भांड्यांचं आणि अंघोळीचं वाळूच्या खड्ड्यातून गाळून बागेला द्यावं. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा यांना मात्र चांगलंच पाणी. ‘हित्तल गिड मद्दल्ल’ अशी कानडीत म्हण आहे. परसातलं झाड औषधाचं नसतं, म्हणजे जवळच्याची किंमत नसते. नालीचा आराखडा काढणाऱ्यांना ती ऐकवावी असं कधी कधी वाटतं.

यंदा कोणी बी धरणार असेल तर एवढंच करावं. निरोगी, पानं स्वच्छ हिरवी असलेली दोन-तीन भेंडीची झाडं निवडावीत आणि त्यांच्या बुंध्याला रंगीत दोरा बांधावा, म्हणजे घाईत कोणी त्यावरची भाजी तोडणार नाही. पहिली दोन-चार फळं खाऊन घ्यावीत, मधली झाडावरच वाळू द्यावीत. शेंग तपकिरी होऊन तडकायला लागली की सकाळी काढावी, सावलीत आठवडाभर ठेवावी. दाणे सोडवून पाण्यात टाकावेत, तरंगतील ते फेकावेत, बुडतील ते लगेच वाळवावेत. कोरडी राख मिसळून काचेच्या बरणीत, झाकण घट्ट. बरणीवर वाणाचं नाव आणि महिना लिहावा. मृगात थोडं पेरावं, उरलेलं पुढच्या संक्रांतीसाठी ठेवावं.